प्रबोधिनीत शिकताना मनासाठी गोपनीय मदत कशी घ्यावी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुले-मुली साधारण सतराव्या-अठराव्या वर्षी दाखल होतात आणि तेथून पुढे सहा सत्रे, म्हणजे तीन वर्षे, त्यांचा दिवस शिट्टीवर उगवतो आणि शिट्टीवरच मावळतो. पहिल्या सत्रात झोप उडाली, अन्नावरची वासना गेली किंवा रात्री उगाच रडू येऊ लागले, तर तो रगड्याचा, म्हणजे शिक्षा म्हणून करवून घेतलेल्या कवायतीचा, थकवा आहे की मनाचे दुखणे आहे, हे स्वतःलाच उमगत नाही. कुणाशी तरी बोलावेसे वाटते. पण ‘बोललो तर बोर्डआउट होईन’, म्हणजे वैद्यकीय कारणावरून बाहेर काढले जाईन, या भीतीने तोंड मिटते.

ही भीती सर्वस्वी निराधार आहे, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सैन्याच्या ‘शेप’ (SHAPE) या वैद्यकीय वर्गीकरणातले पहिले अक्षर ‘एस’ हे मानसिक स्थितीसाठीच आहे. मात्र कुणापाशी मन मोकळे करणे, डॉक्टरांनी आजाराचे निदान करणे आणि वैद्यकीय मंडळाने श्रेणी बदलणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीपासून तिसरीपर्यंतची वाट बहुतेकांना चालावी लागत नाही. त्यामुळे आपण कोणत्या दारावर थाप देत आहोत आणि त्या दारामागे काय नोंदले जाते, हे आधी समजून घ्यावे.

सर्वांत खासगी दार दूरध्वनीचे आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीतही बोलता येते. सैन्यदलातील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा एक विशेष कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी उघडण्यात आला. लष्करी जीवन समजणाऱ्या माणसाशी बोलायचे असेल, तर तशी विचारणा करावी. लष्कराशी संबंध नसलेल्या समुपदेशकाशीच बोलायचे असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. आरंभीच पूर्ण नाव, स्क्वॉड्रन (कॅडेटांची निवासी तुकडी) किंवा कॅडेट क्रमांक सांगण्याची घाई करू नये. फोन स्क्वॉड्रनच्या बरामद्यातून न करता लिबर्टीच्या, म्हणजे बाहेर जाण्याची मुभा असलेल्या, दिवशी बाहेरून किंवा सुट्टीत घरून करावा. (आपण मराठीत बोलतो आहोत, म्हणजे कुणाला कळणार नाही, या भरवशावर राहू नये, पलीकडच्या केबिनमध्ये साताऱ्याचा किंवा कोल्हापूरचा एक तरी मुलगा असतोच.)

दुसरे दार समुपदेशकाचे. तेथे बसल्याबरोबर, आपली हकिकत सुरू करण्यापूर्वी, सरळ विचारावे : “मी जे सांगेन त्यातले काय लिहिले जाईल, ते कोण वाचेल आणि कोणत्या परिस्थितीत आपण ते माझ्या डिव्हिजनल ऑफिसरांना सांगाल?” (डिव्हिजनल ऑफिसर म्हणजे कॅडेटांवर थेट देखरेख ठेवणारा अधिकारी.) हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला समुपदेशक त्याचे उत्तर आनंदाने देतो, आणि उत्तर गुळमुळीत आले तर त्या दिवशी केवळ झोपेबद्दल बोलून परत येण्याचा अधिकार तुमचा आहे.

तिसरे दार एमआय रूमचे, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या तपासणी कक्षाचे. सिक रिपोर्टच्या, म्हणजे आजारी असल्याची वर्दी देणाऱ्यांच्या, रांगेत दहा जणांसमोर लक्षणे सांगण्याची आवश्यकता नसते. “डॉक्टरसाहेबांशी एकांतात बोलायचे आहे” एवढे सांगावे. आत गेल्यावर मात्र लपवाछपवी करू नये. किती दिवस झोप नाही, वजन किती उतरले, जीव नकोसा वाटतो का, हे नेमके सांगावे. एक गोष्ट ठाऊक असावी : तेथून मानसोपचारतज्ज्ञाकडे औपचारिक पाठवणी झाली, तर कमांडिंग अधिकाऱ्यांचा अभिप्राय मागवण्याची लष्करी रीत आहे, त्यामुळे ती बाब त्यांच्यापासून गुप्त राहत नाही. म्हणूनच लवकर बोलण्यात फायदा आहे. दोन आठवड्यांचे दुखणे अनेकदा बोलण्याने आणि विश्रांतीने आटोक्यात येते, दोन सत्रे दाबलेले दुखणे तसे आवरत नाही.

कायद्याचे पाठबळही माहीत असावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराविषयीची माहिती गोपनीय राखणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्याला अपवाद आहेत : जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा आदेश असेल किंवा अन्य डॉक्टरांना उपचारासाठी माहिती लागत असेल, तर आवश्यक तेवढी माहिती दिली जाते. वय अठरा पूर्ण नसेल तर पालकांचा सहभाग येतोच, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे ऐकणाऱ्याला बंधनकारक असते. साताऱ्याच्या सैनिक स्कूलसारख्या निवासी शाळांतील मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

काही जण सुट्टीत गावाकडे खासगी डॉक्टरांकडून गुपचूप गोळ्या आणतात. खासगी सल्ला घेण्यात गैर काही नाही. गोळ्या लपवून प्रशिक्षणात परतणे मात्र धोक्याचे आहे, कारण काही औषधांनी गुंगी येते आणि गोळीबाराच्या मैदानावर किंवा जलतरण तलावात ती जिवावर बेतू शकते. शिवाय पुढील वैद्यकीय तपासणीत पूर्वेतिहास लेखी विचारला जातो. तेथे खोटे लिहिल्यास आजाराच्या जोडीला शिस्तभंगही चिकटतो.

आत्महत्येचे विचार येत असतील, तर वरील सर्व हिशेब बाजूला ठेवावा. त्या क्षणी गोपनीयता दुय्यम आहे. जवळ असेल त्या माणसाला, मग तो कोर्समेट (आपल्याच तुकडीत शिकणारा सोबती) असो, ड्यूटीवरचा कॅडेट असो वा अधिकारी असो, “मला एकटे सोडू नका” एवढे सांगावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्याच कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते आणि अन्यथा सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा होत नाही. आणि असे वाक्य तुमच्या कोर्समेटने तुम्हाला ऐकवले, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन त्याला देऊ नये. त्याच्याजवळ थांबावे, दुसऱ्या कुणाला तरी ड्यूटी ऑफिसरांकडे पाठवावे आणि एमआय रूमपर्यंत त्याच्यासोबत स्वतः चालत जावे.