हॉटेलातील कर्मचारी कसे घडवावेत: प्रशिक्षण, कोचिंग आणि मेंटरिंग

नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला आलेले कुटुंब तीन दिवस मुक्कामी असते, भल्या पहाटे बाहेर पडते आणि विधीच्या काळात कांदा-लसूण नसलेले जेवण मागते. फ्रंट ऑफिसवरील नव्या मुलाला हे ठाऊकच नसेल, तर त्याला प्रशिक्षण हवे आहे. ठाऊक असूनही गर्दीच्या दिवशी तो स्वयंपाकघराला कळवायचे विसरत असेल, तर त्याला कोचिंग हवे आहे. हे सर्व चोख करणारा मुलगा दोन वर्षांनी ‘इथे पुढे काय?’ या प्रश्नाने अस्वस्थ होऊन नोकरी सोडण्याच्या विचारात असेल, तर त्याला मेंटरची, म्हणजे अनुभवी वडीलधाऱ्याची, सोबत हवी आहे. या तीन गरजा वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या गरजेवर चुकीचा उपाय केल्याने बहुतेक हॉटेलांचे श्रम वाया जातात, असे माझे अनुभवांती मत आहे. म्हणून कोणाला काहीही शिकवण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे या तिन्हींपैकी काय लागते, ते वहीत लिहून काढावे.

नाशिकमध्ये शिकवण्याची वेळ पंचांग आणि द्राक्षाचा हंगाम पाहूनच ठरवावी लागते. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ असतो, शनिवार-रविवारी मुंबईकरांची गर्दी असते, आणि श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेमुळे, त्र्यंबक रस्त्यावरील हॉटेलांना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्यानंतर श्रावण लागेपर्यंतचे आठवडे आणि एरवी मंगळवार-बुधवारची दुपार हाच खरा शिकवण्याचा काळ आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत आहे. पर्वणीच्या तोंडावर भरती केलेला मुलगा पर्वणीच्या दिवशी तयार नसतो, त्यामुळे त्याची तयारी आधीच्या शांत महिन्यांतच उरकावी.

प्रशिक्षणाबाबत मी स्वतः मोठी चूक केली आहे. सुपरवायझर झाल्यावर मी वीस जणांना सभागृहात बसवून दोन तास खोली आवरण्याची पद्धत पडद्यावर दाखवली. पुढच्या आठवड्यात पाहिले, तर एकही पलंग त्या पद्धतीने लावलेला नव्हता. त्यानंतर मी चार पायऱ्यांची जुनी रीत धरली, जी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी रूढ झाली होती. पहिल्या पायरीवर शिकणाऱ्याला मोकळे करून त्याला आधीचे काय येते ते विचारावे. दुसऱ्या पायरीवर काम हळू करून दाखवावे आणि प्रत्येक कृतीमागचे कारण सांगावे: चादरीच्या कोपऱ्याची घडी अशीच का, स्नानगृहाचे फडके आणि पेल्यांचे फडके वेगळ्या रंगांचे का. तिसऱ्या पायरीवर त्याच्याकडून काम करून घ्यावे आणि करता करता कारणेही त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत. कारण सांगता आले नाही, तर काम समजलेले नाही असे धरावे. चौथ्या पायरीवर त्याला स्वतंत्र सोडावे, अडल्यास कोणाला विचारायचे ते नाव सांगावे आणि सुरुवातीला रोज, नंतर विरळ तपासणी करावी. एका वेळी एक किंवा दोनच माणसे आणि पंधरा-वीस मिनिटांचे एकच काम, एवढे पथ्य पाळले तरी फरक दिसतो.

स्वयंपाकघरात काही बाबी तोंडी ठेवून चालत नाहीत. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, हे हेल्परलाही थर्मामीटर हातात देऊन दाखवावे. अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, अपेक्षा आहे. ती केवळ प्रमाणपत्रासाठी पूर्ण करू नये. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि वाइन देणाऱ्या स्टुअर्डला, म्हणजे वाढप्याला, शेनिन ब्लांक आणि शिराझ या द्राक्षजातींतील फरक पाठ करायला लावण्यापेक्षा एकदा गंगापूर धरणाकडील द्राक्षमळा दाखवून आणावा.

कोचिंग म्हटले की आपल्याला कॉलेज रोडवरील क्लास आठवतात, परंतु हॉटेलातील कोचिंगमध्ये वरिष्ठाने कमी बोलायचे असते. समजा, शनिवारी रात्री एका स्टुअर्डच्या टेबलांवर जेवण वारंवार उशिरा पोहोचले. कॅप्टनने, म्हणजे स्टुअर्डांच्या प्रमुखाने, सर्वांसमोर ओरडू नये आणि उत्तरही स्वतः सांगू नये. शिफ्ट संपल्यावर, त्याच दिवशी, बाजूला बसवून विचारावे: ‘आज सर्वांत जास्त धावपळ कोणत्या टेबलावर झाली? ती ऑर्डर घेतल्यावर तू काय केलेस? पुढच्या शनिवारी काय वेगळे करशील?’ बहुधा मुलगाच सांगतो की, तीन टेबलांच्या ऑर्डर एकत्र घेऊन मगच तो केओटी, म्हणजे स्वयंपाकघराला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, देत होता, आणि यापुढे प्रत्येक केओटी लगेच देईल. स्वतः शोधलेला उपाय तो पाळतो. कॅप्टनने तो त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावा आणि पुढील शनिवारी तेवढ्याच एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. मात्र ज्याला काम शिकवलेलेच नाही, त्याला असे प्रश्न विचारणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे होय. आणि गॅसगळती किंवा शिळ्या अन्नाचा प्रसंग असेल, तेव्हा प्रश्न न विचारता थेट आज्ञा द्यावी.

मेंटरिंगला सर्वांत कमी खर्च येतो आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागांतून शहरात प्रथमच आलेल्या मुलामुलींना कामापेक्षा खोलीचे भाडे, घरी पाठवायचे पैसे, पाहुण्यांशी इंग्रजी बोलण्याची धास्ती आणि रात्रपाळीनंतरचा परतीचा प्रवास हे प्रश्न अधिक छळतात. अशा प्रत्येकासाठी दुसऱ्या विभागातील एक मुरलेला माणूस नेमावा, कारण ज्याच्या हातात आपली रजा आणि पगारवाढ आहे, त्याच्यासमोर कोणी मन मोकळे करत नाही. महिन्यातून एकदा, ड्युटीच्या वेळेतच, तासभर दोघांनी बोलावे आणि त्यातील शब्द व्यवस्थापनाकडे जाणार नाही, याची हमी मालकाने द्यावी. लैंगिक छळाची बाब समोर आली, तर मेंटरने ती स्वतः मिटवू नये आणि तक्रार अंतर्गत समितीकडे नेण्यास त्या व्यक्तीला साथ द्यावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे. मेंटर होणाऱ्याच्या कामातून हा तास वजा करावा, अन्यथा दुसऱ्याच महिन्यात भेटी बंद पडतात.

‘शिकवले की मुले निघून जातात’ ही मालकांची तक्रार मी नेहमी ऐकतो आणि तिच्यात तथ्य आहे. यावर मला एकच मार्ग लागू पडताना दिसला आहे: कोणते काम आले की किती पगार वाढेल, हे भिंतीवर लिहून लावावे आणि मुलाने ते काम करून दाखवलेल्या महिन्यापासूनच ती वाढ द्यावी. तरीही जो जाईल, त्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या हातून नव्या मुलाला शिकवून घ्यावे आणि त्याने सांगितलेल्या बारीकसारीक युक्त्या विभागाच्या वहीत उतरवून ठेवाव्यात.