टॉप लोड मशीनचं झाकण: घेण्याआधी मोजा, बिघडल्यावर तपासा

वॉशिंग मशीन घेताना किलो, वॅट आणि वॉरंटीची चौकशी होते. झाकण मात्र एकदा उघडून बंद केलं की पाहणी संपली. खरं तर वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये झाकण हा स्विचचाच एक भाग असतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तर ब्रेकही त्याच्याच भरवशावर.

आधी सेमीचं पाहू, कारण खेड्यात अजूनही तीच जास्त. तिची दोन झाकणं सारखी दिसली तरी कामं वेगळी. धुण्याच्या टबाचं झाकण पाणी उडू नये एवढ्यापुरतं. ते उघडं असलं तरी मोटर फिरते. त्याची बिजागरीची खुंटी तुटली तर झाकण नुसतं वर ठेवूनही चालतं. ड्रायरच्या झाकणाचं तसं नाही. ते बंद केलं की बिजागरीजवळची दांडी आतला स्विच जोडते आणि ब्रेकची तार ओढून धरते. उचललं की वीज तुटते, तार सुटते आणि स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो. म्हणून इथे एम-सील, खिळा किंवा सुतळीचा जुगाड करू नका. झाकण कुठे अडकतं, कुठे ढिलं बसतं, त्यावर ब्रेक लागणार की नाही ते ठरतं.

ब्रेक तपासायला ओले कपडे घालून ड्रायर पूर्ण वेगात येऊ द्या, झाकण उचला आणि सेकंद मोजा. १५ सेकंदांत ड्रम थांबला नाही तर तार सैल झाली आहे किंवा ब्रेकची पट्टी झिजली आहे. दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर वापरू नका. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात आत नाही, घाई कितीही असो.

हा ब्रेक विजेवर चालत नाही, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही लागतो. पण टायमरची वेळ शिल्लक असू शकते. वीज आल्यावर झाकण बंद असेल तर ड्रम पुन्हा फिरू लागतो. लाईन गेली की टायमर शून्यावर आणा.

ड्रायरमध्ये कपड्यांवर दाबून बसवायची जाळीची चकती हरवली म्हणून तसंच चालवणारी घरं पुष्कळ. मग साडीचा पदर किंवा दुपट्ट्याचं टोक वर येतं, ड्रम आणि बाहेरच्या टबाच्या फटीत शिरतं आणि खाली शाफ्टला, म्हणजे ड्रम फिरवणाऱ्या दांड्याला, गुंडाळतं. कपडा फाटतो तो फाटतोच, खालचं रबरही फाटून पाणी मोटरवर गळतं. चकती स्वस्त मिळते, आणून बसवा.

आता फुल्ली-ऑटोमॅटिक. इथे झाकणाचे मुख्य दोन प्रकार. मधून दुमडणारं प्लास्टिकचं झाकण उघडताना कमी उंची घेतं. नळ, फळी किंवा छपरीचं टिन खाली असेल तर हेच बरं. मधल्या सांध्यात साबण आणि माती साचते, पुढची पट्टी पूर्ण खाली बसत नाही आणि मशीन झाकण उघडं समजते. वावरातले कपडे धुतले की तो सांधा जुन्या टूथब्रशने घासायचा.

काचेचं एकसंध झाकण दिसायला छान, पुसायला सोपं, पण त्याला जागा लागते. मशीनची उंची आणि झाकणाची लांबी यांची बेरीज करा. नळ त्याच्याही वर हवा. काच टफन्ड असली तरी कडेला फटका बसला तर तिचा चुरा होतो. त्यामुळे झाकणावर बकेट किंवा गुंडी ठेवायची नाही. हळू बंद होणाऱ्या झाकणाच्या बिजागरीत त्याचा वेग रोखणारा डॅम्पर असतो. त्यात तेल घालू नका आणि झाकण हाताने खाली दाबू नका. झाकण धपकन पडायला लागलं तर डॅम्पर बदलायचा.

मशीन सांदवाडीत उघड्यावर असेल तर दोन्ही प्रकारांत प्लास्टिकचे भाग लवकर जातात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकतं. सावली नसेल तर जाड कापडाचं कव्हर घाला.

पाणी भरलं, धुणं झालं, पण पिळायच्या वेळी मशीन थांबून ओरडते आणि पडद्यावर ‘डीई’ (dE) दिसतं, तेव्हा बऱ्याच मशिनींत संशय झाकणावर घ्यायचा. क्रम असा:

१. प्लग काढा. झाकणाखाली कपडा अडकला आहे का, झाकण तिरकं बसतं का ते पाहा.
२. झाकणाच्या कडेवरून सेफ्टी पिन फिरवा. चुंबकाचं मॉडेल (झाकणातल्या चुंबकावरून मशीन झाकण बंद आहे हे ओळखते) असेल तर एका जागी पिन ओढली जाते. कुठेच ओढली गेली नाही, तर चुंबक खाच्यातून पडलेलं असू शकतं.
३. दांडीचं मॉडेल (झाकण बंद होताना दांडी दाबून स्विच जोडतं) असेल तर दांडी बोटाने दाबा. ‘टिक’ आवाज आला नाही तर स्विच अडकला आहे.
४. पुढची तपासणी मेकॅनिककडून. स्विचच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला की दोन टोकांमध्ये झाकण बंद असताना जोड दाखवतो, उघडल्यावर तुटतो. चुंबकाच्या काही मशिनींत सेन्सर असतो, त्याला ही चाचणी लागू नाही.

चुंबक बसवताना वरची बाजू खाली करू नका. दिशा उलटली तर काही सेन्सर त्याला ओळखत नाहीत. स्विचच्या दोन तारा थेट जोडून झाकण कायम बंदच आहे असं मशीनला भासवून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नको म्हणा, विशेषतः घरात लहान पोरं असतील तर. काही मॉडेलमध्ये हाच स्विच टब डोलू लागल्यावर मशीन थांबवतो. तो बायपास केला की वाकळीचा भिजलेला गोळा एका बाजूला बसून टब पत्र्याला आदळत राहतो.

नवं झाकण मागवताना किलो सांगून भागत नाही. मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर फोटो काढून दुकानदाराला पाठवा, आणि सेमीचं असेल तर धुण्याचं की ड्रायरचं, हे आवर्जून लिहा.