परदेशातून संग्रहाचा चाकू मागवण्याआधी

सगळ्यात आधी फूटपट्टी घ्या आणि जाहिरातीतली मापं तिच्यावर नीट समजून घ्या. आपल्याकडे शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात आणि असं शस्त्र देशात आणायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १० व्या कलमानुसार परवाना लागतो. घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं यातून वगळली आहेत, पण शोभेच्या मोठ्या बोवी चाकूला (लांब, रुंद पात्याचा अमेरिकन शिकारी चाकू) ही सवलत मिळेल असं धरून चालू नका. कोल्हापुरात मर्दानी खेळ बघत आणि न्यू पॅलेसमधली शस्त्रं न्याहाळत वाढलेल्या माणसाचं मन लांब पात्याकडेच ओढलं जातं, हे मला माहीत आहे. तरीही परदेशी खरेदीची सुरुवात छोट्या घडीच्या चाकूनेच करा. कट्यारीच्या घाटाचे आणि बटण चाकू मागवूच नका, पातं कितीही लहान असो. शंका असेल तर कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन शस्त्र परवान्याचं काम बघणाऱ्यांना विचारा, तेही पैसे भरण्याआधी.

मग मूठ बघा. हस्तिदंत आणि कासवाची पाठ लगेच बाद करा. खरा घोटाळा शिंगाच्या मुठीत आहे. जुन्या अमेरिकन आणि जर्मन चाकूंच्या वर्णनात 'स्टॅग' लिहिलेलं असतं आणि ते शिंग बऱ्याचदा सांबराचं असतं. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात जे सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जपलंय, त्याच्या शिंगाची मूठ विकत घेऊन परत देशात आणायची, हे मला तरी पटत नाही आणि कायद्यातही अडकायला होतं. लाकूड, पितळ, मायकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाचं कडक साहित्य) अशा मुठींचे सुंदर चाकू भरपूर मिळतात.

खरेपणा तपासायला पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागा. केस या अमेरिकन कंपनीच्या चाकूंवर १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके होते आणि पुढे दरवर्षी एकेक कमी होत गेला. म्हणजे त्या दशकातल्या शिक्क्याखाली सात ठिपके असले तर तो १९७३ चा. विक्रेता १९७० म्हणत असेल आणि ठिपके चारच दिसत असतील तर तिथेच थांबा. 'झोलिंगेन' हे चाकूंसाठी प्रसिद्ध शहराचं नाव जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे, पण 'लागिओल' (फ्रेंच घाटाचा घडीचा चाकू) नुसतं नाव पाहून घेऊ नका, ते कोणीही छापतं. पातं उघडं, मिटलेलं आणि वरून, असे तिन्ही फोटो हवेत. पुन्हा पुन्हा धार लावून झिजलेलं पातं मूळ पात्यापेक्षा अरुंद दिसतं आणि संग्राहकासाठी तिथेच किंमत पडते. चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ती चाकूशेजारी ठेवून फोटो काढायला सांगा. खरा विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.

पैशांचं थोडक्यात: कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या आणि कोणाच्या खासगी खात्यात थेट पैसे पाठवू नका. जकात चाकूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर बसते, म्हणून हिशेब तिथून सुरू करा. 'भेट' लिहून पाठव किंवा किंमत कमी दाखव, असं विक्रेत्याला कधीही सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंना मिळणारी जकातीची सवलत बंद झाली आहे आणि पार्सल हरवलं तर भरपाई कागदावरच्या किमतीएवढीच मिळते. पावतीवर पात्याची लांबी, पोलादाचा प्रकार आणि घडीचा चाकू आहे हे स्पष्ट लिहून घ्या. टपालाने येणारं पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून जाऊ शकतं, तिथे विचारणा झाली तर हाच कागद कामाला येतो. कुरिअरसाठी आधार, पॅन तयार ठेवा. पत्त्यात नुसतं 'तालमीच्या मागे' लिहू नका; घर क्रमांक, पेठ, पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर द्या.

खोकं फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. चाकू जूनमध्ये येणार असेल तर तेलाची बाटली आणि सिलिका जेलच्या पुड्या आधीच आणा, कारण १०९५ सारखं कार्बन पोलाद आपल्या पावसाळ्यात लवकर गंजतं. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, ते ओल धरतं आणि पितळेवर हिरवट थर चढतो. म्यान वेगळं, चाकू कोरड्या कापडात वेगळा, आणि पावती त्याच डब्यात.