नववीसाठी शाळा निवडताना सोबत काय हवं

पुणे महापालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंतच आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून मिळालेल्या मोफत शिक्षणाची हमीही आठवीलाच संपते. म्हणून नववीच्या शोधाला जानेवारीतच लागा.

आधी एक वही करा. घरून रोज जाता येईल अशा चार-पाच शाळा लिहा आणि प्रत्येकीपुढे मनपाची की अनुदानित, माध्यम कोणतं आणि ११ अंकी यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) टिपून ठेवा. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर या क्रमांकाने शाळेची इयत्तावार पटसंख्या, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा असं बरंच काही पाहता येतं.

मग दहावीचा निकाल. फाटकावरच्या फ्लेक्सवर ‘१००%’ दिसलं की पालक निर्धास्त होतात. पण बसलेल्यांपैकी किती पास झाले एवढंच त्यातून कळतं. बसवले किती ते कळत नाही. काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच थांबवतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात. ती मुलं खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देतात आणि शाळेचा नियमित निकाल चकचकीत राहतो. समजा नववीत ६० मुलं होती, पुढच्या वर्षी दहावीला ४२ बसली आणि सगळी पास झाली. मग उरलेली १८ कुठे गेली? काही घरं गावी परतली असतील, काहींनी शाळा बदलली असेल. मुख्याध्यापकांना हे जरूर विचारा. मुलांवर जीव असलेल्या शाळेत याचं उत्तर एकेका मुलाच्या नावानिशी मिळतं. माझ्या मते सगळ्या वहीत हाच आकडा सर्वांत मोलाचा आहे.

निकाल निदान तीन वर्षांचा मागा, आणि गणित व इंग्रजीचा वेगळा. पास व्हायला ३५ टक्के पुरतात, त्यामुळे ६० आणि ७५ टक्क्यांच्या वर किती मुलं गेली तेही विचारा. १०० पैकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. नुसती बेरीज पाहून भुलू नका. शाळा आकडे देत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणजे मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

तुलना मात्र न्यायाने करा. सदाशिव पेठेतल्या मुलाला घरी अभ्यासाची खोली आणि क्लास असतो; जनता वसाहतीतला मुलगा कदाचित संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या गाडीवर उभा असतो. त्याला ५५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या शिक्षकांनी जास्त काम केलेलं असतं. म्हणून एकसारख्या वस्त्यांतल्या शाळाच शेजारी ठेवून पाहा.

प्रत्यक्ष जाल तेव्हा गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, एवढं तरी विचाराच. मुलीसाठी पाहत असाल तर दुपारचं सत्र कधी सुटतं आणि त्या वेळी घराकडे पीएमपीची बस आहे का, तेही वहीत लिहा.