परदेशी संस्थेबरोबर लहान मुलांवर संशोधन करताना या चुका टाळा

रोमानियाची राजधानी बुखारेस्टमधील सहा अनाथगृहांतली १३६ मुले, वयाने ६ ते ३१ महिन्यांची, २००१ च्या सुमारास चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली गेली. ६८ जणांना प्रतिपालक कुटुंबे, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणारी कुटुंबे, मिळाली, उरलेली ६८ होती त्याच व्यवस्थेत राहिली. नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांच्या या अभ्यासावर, अर्धी मुले अनाथगृहातच ठेवणे योग्य होते का यावरून, पुष्कळ वाद झाला. असा प्रकल्प आखणाऱ्याने तो आधी नीट समजून घ्यावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘एरवी या मुलांना काहीच मिळाले नसते’ या वाक्याची ढाल करणे. बुखारेस्टमध्ये तेव्हा प्रतिपालकत्व नावापुरतेच होते, त्यामुळे दुसऱ्या गटाचे काही हिरावले गेले नाही, हे खरे. पण हा युक्तिवाद तरतो तो एका अटीमुळे. अनाथगृहात उरलेल्या मुलाला कुटुंबात पाठवायचे शासनाने ठरवले, तर संशोधकांनी आडवे यायचे नाही, असे ठरले होते. तशी मुले पुढे खरोखरच बाहेर पडली, दोन गटांतला फरक पुसट होत गेला आणि तो तोटा अभ्यासाने सोसला. तुमच्या आराखड्यात हे कलम नसेल, तर मूल संस्थेतच अडकून राहण्यात तुमचा फायदा आहे.

दुसरी चूक संमतीची. अशा मुलाचे पालकत्व बहुधा शासनाकडे असते आणि प्रकल्पाला बोलावणारेही शासनच असते, म्हणून एका शिक्क्यावर न भागवता जन्मदात्यांचा शोध घ्यावा. मुलाचे वागणेही वाचता आले पाहिजे. संस्थेत वाढलेले दोन वर्षांचे मूल अनोळखी माणसासमोरही हात वर करते, कडेवर येऊ पाहते, आणि नवखा संशोधक ‘मूल राजी आहे’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः कोणाकडेही असे झेपावणे हे पुष्कळदा संगोपनातील उणिवेचेच लक्षण असते. ईईजीची (मेंदूतील विद्युत लहरी नोंदवणारी) टोपी चढवताना मुलाने मान फिरवली, तर मात्र तो नकार समजून त्या दिवसाचे काम थांबवावे.

परदेशी विद्यापीठाची मंजुरी पुरेशी मानू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतातील नैतिकता समितीची मंजुरी वेगळी लागते.

बुखारेस्टची मुले ५४ महिन्यांची झाल्यावर प्रतिपालक कुटुंबांची जबाबदारी स्थानिक प्रशासनाने उचलली. तुमच्या अंदाजपत्रकात असा रकानाच नसेल, तर निधीचा शेवटचा हप्ता संपल्यावर त्या मुलाला रात्री कोण झोपवणार, हे करारावर सही करण्यापूर्वी परदेशी भागीदाराला विचारा.