नव्या मराठी चॅनेलसाठी पैसे देऊन प्रेक्षक मिळवताना

इंदूरमध्ये कोणी मराठी यूट्यूब चॅनेल सुरू केले की पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर एखादे दरपत्रक येऊन पडते. हजार व्ह्यूज, शंभर लाइक्स, पाचशे सबस्क्रायबर, चार हजार तासांचा वॉच टाइम (व्हिडिओ पाहिले गेल्याचा एकूण वेळ), अशी किराण्याच्या यादीसारखी मांडणी, खाली ‘ड्रॉप झाल्यास रिफिल’ (आकडा घसरला तर भरून देऊ) असे आश्वासन आणि पैसे भरण्यासाठी यूपीआयचा क्यूआर कोड, असे त्याचे स्वरूप असते. हा माल ज्या संकेतस्थळांवरून येतो त्यांना या धंद्यात ‘एसएमएम (सोशल मीडिया मार्केटिंग) पॅनल’ म्हणतात, आणि दरपत्रक पाठवणारा माणूस बहुतेक वेळा तिथून घाऊक घेऊन किरकोळ विकणारा मधला दलाल असतो.

नव्या चॅनेलसाठी पैसे खर्च करणे मला गैर वाटत नाही. दुकान उघडल्यावर पाटी लावायला पैसे लागतातच. मात्र इथे विकत घेण्याजोगी वस्तू एकच आहे, ती म्हणजे खऱ्या माणसाच्या पडद्यावर आपला व्हिडिओ दिसण्याची संधी. त्या माणसाने तो उघडावा, शेवटपर्यंत पाहावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे, हे कोणी विकू शकत नाही, आणि जो विकतो असे सांगतो तो बनावट माल विकत असतो.

मी स्वतः हा माल एकदा घेतला आहे. घरी जिरावण (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) कसे करावे या माझ्या व्हिडिओला आठवडाभर कोणी विचारले नाही, तेव्हा अशाच एका दलालाकडून मी दोन हजार व्ह्यूज घेतले. आकडा एका रात्रीत चढला. सरासरी पाहण्याचा वेळ मात्र काही सेकंदांवर आला, प्रतिक्रिया एकही आली नाही, पुढे महिन्याभरात निम्मे व्ह्यूज गळून गेले आणि रिफिलच्या मागणीला उत्तर मिळाले नाही. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही, कारण रक्कम किरकोळ होती. खरे नुकसान वेगळेच झाले. प्रेक्षक व्हिडिओ कुठे सोडून जातात हे दाखवणारा आलेख त्या गर्दीने निरुपयोगी करून टाकला. माझी प्रस्तावना लांबते आहे, की मसाले भाजण्याचा भाग कंटाळवाणा झाला आहे, हे समजण्याचे जे एकमेव साधन नव्या माणसाच्या हाती असते, तेच मी पैसे देऊन मोडून घेतले होते.

यूट्यूबच्या बनावट प्रतिसादाविषयीच्या धोरणात असे आकडे विकत घेणे स्पष्टपणे निषिद्ध आहे. स्वयंचलित यंत्रणेने व्ह्यूज, लाइक्स, प्रतिक्रिया किंवा सबस्क्रायबर वाढवण्यास मनाई आहेच, पण ‘तू माझे चॅनेल सबस्क्राइब कर, मी तुझे करतो’ ही वरवर निरुपद्रवी वाटणारी देवाणघेवाणसुद्धा त्याच धोरणाखाली येते. आपल्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ती सर्रास चालते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. असे आकडे काढून टाकले जातात, चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाचा ठपका) येऊ शकतो, ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होते, आणि प्रकरण गंभीर असेल तर त्याआधीही बंद होऊ शकते.  शिवाय २०१२ मध्येच यूट्यूबने शिफारशींसाठी केवळ व्ह्यूजच्या संख्येऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व देण्यास सुरुवात केली, त्यामुळे नुसता आकडा फुगवून व्हिडिओ वर येईल हा हिशेब तेव्हापासूनच चुकीचा ठरला आहे.

वॉच टाइमच्या पॅकेजला लोक सर्वाधिक भुलतात, म्हणून कमाईच्या अटी नीट समजून घ्याव्यात. जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि त्याबरोबर मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा वैध सार्वजनिक वॉच टाइम, किंवा मागील ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज लागतात. यातला ‘वैध’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अर्ज केल्यानंतर चॅनेलची तपासणी होते. शिवाय यूट्यूबच्या अधिकृत जाहिरातीतून आलेला वॉच टाइमही या ४,००० तासांत धरला जात नाही. जाहिरातीतून आलेला माणूस सबस्क्रायबर झाला तर तो मोजला जातो, आणि पुढे तो आपणहून दुसरे व्हिडिओ पाहील तर तो वेळही धरला जातो. म्हणून जाहिरातीचा हेतू तास भरणे हा नसून परत येणारी माणसे शोधणे हा असला पाहिजे.

पैसे भरण्याआधी चॅनेलवर एकाच विषयाचे निदान सात-आठ व्हिडिओ असू द्यावेत. आलेल्या पाहुण्याला दुसरे काही पाहायलाच नसेल तर जाहिरात वाया जाते. त्यांपैकी जाहिरातीसाठी कोणता निवडावा, याचा निर्णय यूट्यूब स्टुडिओतील (चॅनेल सांभाळण्याच्या यूट्यूबच्या साधनातील) आकड्यांवर सोपवावा. ज्या व्हिडिओत पहिल्या ३० सेकंदांनंतरही बऱ्यापैकी लोक टिकून राहिले आहेत तोच घ्यावा, मग प्रेक्षक अवघे साठ असले आणि ते सगळे नात्यातले असले तरी चालेल. (नातेवाईक प्रेमापोटी लाइक देतात, पण प्रेमापोटी बारा मिनिटे बसून राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे.) थंबनेल, म्हणजे व्हिडिओचे छोटे चित्र, जितक्या वेळा दिसले त्यांपैकी किती वेळा क्लिक झाले, हे प्रमाण निम्म्या चॅनेल्समध्ये २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते असे यूट्यूबच सांगते. आपला व्हिडिओ त्याखाली असेल तर आधी थंबनेल आणि शीर्षक बदलावे आणि मगच पैसे घालावेत.

अधिकृत जाहिरातीचे दोन रस्ते आहेत. स्टुडिओतल्या प्रमोशन्स विभागातून थोड्या वेळात मोहीम सुरू करता येते, आणि तिथे उद्दिष्ट विचारले जाते तेव्हा नव्या चॅनेलने व्ह्यूजऐवजी प्रेक्षकवाढ निवडावी. शहर, परीघ आणि प्रेक्षकांच्या आवडी बारकाईने निवडायच्या असतील तर गूगल अ‍ॅड्सचे स्वतंत्र खाते उघडावे. तिथे जाहिरातीचा प्रकार निवडताना पाच सेकंदांनी टाळता येणारी, दुसऱ्या व्हिडिओच्या आधी लागणारी जाहिरात घेऊ नये. तिथे माणूस भलत्याच कामासाठी आलेला असतो आणि त्याचे सगळे लक्ष ‘स्किप’च्या बटणाकडे असते. शोधाच्या निकालांत आणि शिफारशींच्या यादीत थंबनेलच्या रूपाने दिसणारा इन-फीड प्रकार घ्यावा. त्यात माणूस स्वतः क्लिक करून आत येतो, आणि जो स्वतः आत येतो त्याचे वागणे आपल्याला काहीतरी शिकवते.

आता आपल्या गावची खरी अडचण. जाहिरातीसाठी ‘इंदूर’ हे ठिकाण निवडले की मराठी व्हिडिओ हिंदी भाषकांपुढे जातो, कारण इथे बहुसंख्य तेच आहेत. ते सराफ्याचे, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाद्यबाजाराचे, चित्र पाहून क्लिक करतात आणि निवेदन मराठीत आहे हे कळताच निघून जातात. दुसरीकडे नुसती ‘मराठी’ ही भाषा निवडली तर रामबाग किंवा सुदामानगरमधले आपले कित्येक लोक निसटतात, कारण गूगल भाषा ओळखते ती फोनच्या सेटिंगवरून आणि माणूस काय शोधतो, काय पाहतो यावरून. घरी मराठी बोलणाऱ्या इंदूरकराचा फोन मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत असतो आणि शोधही तो हिंदीतच घेतो. मी यावर काढलेला मार्ग असा की दोन वेगळ्या मोहिमा कराव्यात. पहिलीत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर ही ठिकाणे आणि मराठी भाषा ठेवावी. दुसरीत इंदूर, देवास, उज्जैन, धार ही ठिकाणे, मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा, आणि थंबनेलवर ठळक मराठी मजकूर ठेवावा, म्हणजे ज्याला मराठी वाचता येत नाही तो मुळात क्लिकच करणार नाही. ठिकाणाच्या पर्यायांत त्या ठिकाणी असलेलीच माणसे निवडावीत. त्या ठिकाणात नुसता रस असलेली माणसेही घेतली तर सहलीचे बेत आखणारे देशभरचे लोक आत येतात.

या दोन मोहिमांना शीर्षकेही वेगळी लागतात. पुण्याच्या माणसाला कांदेपोहे ठाऊक असतात. त्याच्यासाठी वाफेवर गरम राहणारे, बडीशेपेचे, वर शेव आणि जिरावण घातलेले आणि जिलेबीबरोबर खाल्ले जाणारे पोहे हे कुतूहल आहे. इंदूरच्या माणसाला त्यात नवल काहीच नाही, पण छप्पन दुकान या खाऊगल्लीची चव घरी का उतरत नाही हा त्याचा जुना प्रश्न आहे. पाककृती एकच असली तरी दोघांपुढे ती वेगवेगळ्या दाराने न्यावी लागते.

रकमेचे म्हणाल तर सहा हजार रुपये बाजूला काढलेले असल्यास १८ टक्के जीएसटी वजा जाता प्रत्यक्ष जाहिरातीसाठी साधारण ५,०८५ रुपये उरतात. ते एका दिवसात उडवू नयेत. रोज दीडशे रुपये प्रत्येक मोहिमेला, असे दोन आठवडे चालवावे, पहिले चार दिवस काहीही बदलू नये आणि पाचव्या दिवशी आकडे पाहून जी मोहीम कमी पडते तिचे पैसे दुसरीकडे वळवावेत.

तिसरा मार्ग माणसांचा आहे. ज्यांचे प्रेक्षक आपल्यासारखेच आहेत, अशा एखाद्या मराठी चॅनेलला मानधन देऊन एकत्र व्हिडिओ करता येतो. हा सौदा अनेकदा जाहिरातीपेक्षा फायद्याचा ठरतो, कारण इथे ओळख विश्वासू माणसाकडून होते. मात्र पैसे दिले असतील तर ते उघडपणे सांगितले पाहिजे: यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीची खूण करण्याची सोय आहे, आणि भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रसिद्धी करणाऱ्याने असा आर्थिक संबंध लपवू नये अशी अपेक्षा आहे. गणेशोत्सवातील मराठी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेवर चॅनेलचा क्यूआर कोड छापून घेणे हा याच जातीचा स्वस्त उपाय आहे. असा प्रेक्षक संख्येने थोडा असतो, पण तो टिकतो.

मोहीम चालू असताना एकूण व्ह्यूजकडे पाहू नये, कारण तो आकडा आपणच विकत घेतलेला असतो. स्टुडिओत प्रेक्षक कोठून आले याची फोड असते आणि त्यात जाहिरातीतून आलेले वेगळे दाखवलेले असतात. ते बाजूला ठेवून शोधातून आणि शिफारशींतून येणारे व्ह्यूज वाढत आहेत का, आणि परत येणाऱ्या प्रेक्षकांची रेषा वर सरकते आहे का, एवढ्या दोनच गोष्टी तपासाव्यात. शॉर्ट्सच्या बाबतीत आणखी सावध राहावे, कारण ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, तर कमाईच्या पात्रतेसाठी ‘एंगेज्ड व्ह्यूज’ (सुरू झाल्यावर पुढेही पाहत राहिलेल्यांचे व्ह्यूज) वेगळे मोजले जातात.

ज्यांनी आधीच पॅनलवरून काही घेतले असेल त्यांनी ते तत्काळ थांबवावे, कोणाला चॅनेलचा पासवर्ड दिला असेल तर तो बदलावा, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि गूगल खात्याला जोडलेली अनोळखी अ‍ॅप्स काढून टाकावीत. बिघडलेल्या व्हिडिओचे आलेख दुरुस्त होत नाहीत, म्हणून तोच विषय नव्याने चित्रित करणे सोपे पडते. मी जिरावणाचा व्हिडिओ तसाच पुन्हा केला.

दोन आठवड्यांच्या शेवटी दोन्ही रेषा जागच्या जागी असतील तर जाहिरात बंद करावी आणि उरलेल्या पैशांत कॉलरला लावायचा माइक घ्यावा. रात्री दहानंतर सराफ्यात उभे राहून बोलताना मोबाइलच्या स्वतःच्या माइकवर कढईचा आणि गर्दीचा आवाज आपल्या आवाजाच्या वर येतो, आणि माझ्या पहिल्या चार व्हिडिओंतून लोक नेमके तिथेच निघून गेले होते.