पिरुएटमध्ये जागा सुटते? भिंतीवर एक टिकली लावा

बॅलेतली पिरुएट, म्हणजे एका पायावर घेतलेली गिरकी, पूर्ण होते खरी, पण थांबल्यावर आपण हातभर लांब गेलेलो असतो, आणि डोकं गरगरतं ते वेगळंच. घरच्या घरी असा सराव करा:

1. समोरच्या भिंतीवर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर ठसठशीत रंगाची टिकली चिकटवा. आरशावर नको, तिथे नजर आपल्याच हातांकडे जाते.

2. उजवीकडे फिरायचं तर डावा पाय पुढे ठेवून चौथ्या पोझिशनमध्ये (पावलं बाहेर वळवलेली, एक पुढे एक मागे, मध्ये साधारण एका पावलाचं अंतर) उभे राहा. डाव्या चवड्याच्या जागी खडूने फुली मारा.

3. गिरकी आत्ता घेऊ नका. नुसतं डाव्या चवड्यावर चढा, उजव्या पायाची बोटं डाव्या गुडघ्याला लावा आणि थांबा. इथेच डळमळत असाल तर फिरताना जागा सुटणारच. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं आणि कंटाळवाणी म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते.

4. मग पाव गिरकी, अर्धी, पूर्ण. खांदे फिरले तरी नजर टिकलीवरच. मान आणखी वळेना, की डोकं झटकन फिरवून टिकली पुन्हा पकडा.

थांबल्यावर फुली बघा. पुढे सरकला असाल तर निघतानाच पुढे झुकताय. मागे गेलात तर छाती मागे फेकली जातेय. फुलीवरच थांबता येईपर्यंत दोन गिरक्यांची घाई नको.

योगा मॅटवर किंवा रबरी तळाच्या बुटांत हे अजिबात करू नका: पाऊल चिकटून राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो.